नमुन्याबरहुकूम

“बाई, ही सावली हिरवी कशी झाली?”

मास्तरांनी माझ्या मागून विचारलं, अगदी सहज, चहात साखर कमी कशी पडली असं विचारावं तसं. मी ब्रश हवेत तसाच धरून राहिले. सावली निळी होती. समोरच्या फळीवर चिमट्यानं लावलेल्या छापील चित्रातलीही निळी आणि माझ्या कॅनव्हासवरचीही निळी. दोन्ही निळे सख्खे जुळे होते, कारण ते जुळवण्यात मी पाऊण तास घालवला होता. चित्र एका गावाचं आहे. उन्हानं पांढरा पडलेला रस्ता, डाव्या हाताला लाल कौलांची चार घरं, उजवीकडे उंच सडसडीत झाडं आणि रस्त्यावर आडव्या पडलेल्या त्यांच्या सावल्या. माणूस म्हणाल तर एकच, डोक्यावर काहीतरी घेऊन निघालेली बाई, तीही अडीच फटकाऱ्यांत उरकलेली. जवळ जाऊन बघावं तर नुसते रंगाचे डाग, चार पावलं मागे सरकावं तर गाव. मास्तर म्हणतात, इम्प्रेशनिस्टांची रीतच ही. त्यांनी वस्तू रंगवल्या नाहीत, वस्तूंवरचा उजेड रंगवला. नवशिक्यानं तेलरंग शिकायचा तर असं एक चित्र पुढ्यात ठेवून त्याची नक्कल करावी, म्हणजे हात धीट होतो, असं त्यांचं मत. जन्मभर नाटकांचे पडदे रंगवलेला माणूस, हात धीट असणं ही त्यांची पहिली अट. “सुकल्यावर उतरेल,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं की हे मी उगाच बोलतेय. तेलरंग सुकताना असा पालटत नाही, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. मास्तर नुसतं “बरं” म्हणाले आणि वर्गातल्या दाताच्या डॉक्टरांकडे वळले. डॉक्टरांच्या कॅनव्हासवरची झाडं कवळीसारखी एका रांगेत उभी असतात आणि मास्तर दर रविवारी त्यातली दोन-तीन उपटायला लावतात.

आता ह्यात छाती धडधडण्यासारखं काय होतं? पण माझी धडधडत होती. दुसऱ्या कुणाला मास्तरांनी हे विचारलं असतं तर तो हसून म्हणाला असता, झाली हिरवी तर झाली. मला ते शक्य नाही. मी शेडबाई आहे. कापड रंगवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी एकच काम करते: गिऱ्हाइकानं दिलेला नमुना आणि आमच्या मशीनमधून निघालेलं कापड शेजारी शेजारी ठेवायचं आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं. आतून करडा रंग दिलेली एक पेटी, तिच्यात तीन तऱ्हांचे दिवे आणि पेटीसमोर मी. दोन तुकड्यांमधली कडा डोळ्यांना दिसेनाशी झाली की काम झालं. मग चिठ्ठीवर ‘नमुन्याबरहुकूम’ असा शिक्का, खाली माझी सही, आणि माल पुढे. मोठ्या कारखान्यांत ह्यासाठी यंत्र असतं. आमच्या साहेबांनी ते कधी घेतलं नाही. “आपल्याकडे बाई आहेत,” असं ते पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुणे माझ्याकडे असे बघतात की मी आता पदराखालून काहीतरी काढून दाखवणार. पास झालेल्या कापडाचा तुकडा जपून ठेवायचीसुद्धा आमच्याकडे पद्धत नाही. बाईंची सही आहे ना, मग तुकडा कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आणि हे काही नोकरीत आल्यावर आलेलं नाही. लहानपणी आई मला दोरा आणायला पाठवायची ती कापड न देताच. झग्याचा रंग एकदा नीट बघायचा आणि निघायचं. मी तो डोळ्यांत धरून चालायची, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी. वाटेत मैत्रीण भेटली तरी बोलायची नाही, सांडेल म्हणून. दुकानदार दोऱ्यांचा खण पुढे ओढायचा आणि मी बोट ठेवायची. एकदाही दोरा परत करावा लागला नाही. आई शेजारणींना सांगायची, “पोरीला नाकडोळे बेताचे दिलेत, पण डोळ्यांत मात्र काहीतरी घातलंय.” ह्या वाक्यावर मी मोठी झाले. बाकी कशातच मी कधी पहिली आले नाही. म्हणून लेकीनं ह्या वर्गात नाव घातलं तेव्हा मी आढेवेढे घेतले ते नुसते वरवरचे. “दोन वर्षांनी रिटायर होशील आणि घरात बसून बाबांचं डोकं खाशील, त्यापेक्षा काहीतरी शीक,” ती म्हणाली, आणि मला मनात वाटलं, रंगच तर आहेत, शिकायचं काय त्यात. गेले सात रविवार मी माझ्या पद्धतीनं चित्र काढतेय. छापील चित्रावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, सुरीनं रंग मळून त्याचा एक ठिपका प्लास्टिकवर लावायचा, खालच्या रंगाशी ताडायचा आणि कडा नाहीशी झाली की मगच कॅनव्हासला हात लावायचा. मास्तर हसतात. “बाई, तुम्ही चित्र काढत नाही, माल तपासताय. डोळे जरा बारीक करा, गाव बघा गाव!” मी गाव बघत नाही. मी रंग बघते. सात रविवार कुणी काही बोललं नव्हतं, कारण सात रविवार मी कौलं, भिंती आणि रस्ता ह्यांतच होते. सावल्यांना हात आज लावला.

आजच का, हेही मला ठाऊक होतं. उद्या सोमवार होता. गेल्या महिन्यात एक माल परत आला होता. एका हॉटेलच्या पडद्यांचं कापड, धुरकट निळं. अर्धं कापड वर्षापूर्वी गेलेलं, उरलेलं आता. जेवणाच्या लांबलचक दालनात एकाच खिडकीला जुना आणि नवा पडदा शेजारी लागले, आणि हॉटेलवाल्यांचा फोन आला की तुमचा नवा पडदा शेवाळल्यासारखा दिसतो. साहेब स्वतः बघून आले आणि त्यांनी मला एवढंच विचारलं, “बाई, तुम्ही पास केलं तेव्हा शेड बरोबर होती?” “होती,” मी म्हणाले. पापणी लवायलासुद्धा जास्त वेळ लागतो. मला तो दिवस स्वच्छ आठवत होता. पेटीतला उजेड, दोन तुकडे, आणि कडा नव्हती. पण मी पास करते तो कापडाचा पहिला ताका. पुढचे तीस ताके त्याच मापानं रंगवायचे ते रंगाऱ्यानं. तेव्हा साहेबांनी पुढचा हिशोब तिथेच मांडला. निळा हा आमच्याकडचा सगळ्यांत महाग रंग. बाईंनी पास केल्यावर ह्या गड्यानं पुढच्या ताक्यांत निळा कमी घातला आणि उरलेला बाहेर विकला. रंगारी एकोणीस वर्षांचा जुना माणूस. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणते. तो माझ्या खोलीत आला तेव्हा दारातच थांबला, कारण त्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले असतात आणि माझ्या खोलीत कुठे रंगाचा डाग लागलेला मला खपत नाही. “बाई, मी चमचाभरसुद्धा इकडचं तिकडं केलेलं नाही,” तो म्हणाला. “पहिला ताकाच तसा निघाला असेल. तुम्ही जरा आठवून बघा ना.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे माझी चूक?” “तसं नाही म्हणत बाई.” “मग कसं म्हणताय?” तो दारातूनच परत गेला. त्या दुपारी मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून दिलं की पहिला ताका नमुन्याबरहुकूम होता. चौकशी सोमवारी दहाला. चोरीचा ठपका घेऊन निघालेल्या पन्नाशीच्या माणसाला दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या दारात उभं करतील? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या दिवशी मला तोच चोर वाटत होता. हे मी लपवणार नाही. एवढंच की त्याच्या त्या “आठवून बघा ना”नं पाठ सोडली नव्हती. म्हणून आज सकाळी मी वर्गात आले तीच मनाशी ठरवून, की निळ्याला हात घालायचा आणि एकदाची खात्री करून टाकायची. खात्री झालीही होती. पाऊण तास झाल्यावर, कडा नाहीशी झाल्यावर, मला इतकं हलकं वाटलं होतं की मी गुणगुणत होते. आणि मग मास्तर मागे येऊन उभे राहिले.

मी आधी उजेडावर खापर फोडलं. वर्गाच्या खिडक्यांना जाळी आहे, उजेड गाळून येतो. कॅनव्हास आणि छापील चित्र दोन्ही उचलून मी गच्चीवर नेलं आणि कठड्याला टेकवून उभी राहिले. स्वच्छ अकराचं ऊन होतं, त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. दोन्ही सावल्या निळ्या. मग मला वाटलं, मास्तरांचंच वय झालं. सत्तरीचा माणूस, नाटकाच्या पिवळ्या दिव्यांत आयुष्य गेलेलं, त्यांच्या डोळ्यांवर काय भरवसा ठेवायचा! दाताचे डॉक्टर गच्चीवर सिगारेट ओढायला आले होते. त्यांना मी हसत हसत विचारलं, “डॉक्टर, ह्या सावलीचा रंग कुठला हो?” त्यांनी धूर बाजूला सोडला. “हिरवाच की. पण छान वाटतो हं, रस्त्यावर पाणी साचल्यासारखं.” त्यांना माझं मन राखायचं होतं. मी “हो ना” म्हणाले. टर्पेंटाइनचा वास एरवी मला आवडतो, तो एकदम डोक्यात चढला. त्या उन्हात मला स्वतःचे हात दिसत होते, नखांत अडकलेला रंग दिसत होता, आणि तो निळा आहे की हिरवा हे मी कुणाला तरी विचारायला हवं, असा विचार मनात आला. सव्वीस वर्षांत असा विचार मला शिवलाही नव्हता.

वर्ग सुटला. बाकीचे ब्रश धुऊन गेले. मी मास्तरांना म्हटलं, “मला जरा तपासा.” त्यांनी काय, कशाला असं काही विचारलं नाही. पाठ करून उभे राहिले, सुरीनं काहीतरी मळलं आणि एका पुठ्ठ्यावर चार ठिपके एका ओळीत लावून पुठ्ठा माझ्यापुढे धरला. “सांगा.” मी पेटीसमोर बसते तशी ताठ बसले. पहिला आणि दुसरा एक. तिसरा जरा गडद. चौथा पुन्हा पहिल्यासारखा. मी सांगितलं तेव्हा मास्तरांनी पुठ्ठा स्वतःकडे वळवून पुन्हा बघितला. त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही. डॉक्टर लोक रिपोर्ट असाच दोनदा वाचतात. “चारही वेगळे आहेत, बाई,” ते शेवटी म्हणाले. “चौथा तर झाडाच्या पानासारखा आहे. माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. मोतीबिंदू धरायला लागला की डोळ्यावर पिवळी काच बसवल्यासारखं होतं, आणि निळा आधी जातो. माणसाला काही पत्ता नसतो, कारण दिसतं सगळं स्वच्छच.” मी म्हटलं, “मग?” “मग काय, ऑपरेशन. वीस मिनिटांचं काम. माझा भाऊ पट्टी सोडल्यावर आभाळाकडे बघून शिव्या द्यायला लागला, इतकं निळं असतं होय, म्हणून.” मास्तर हसले आणि मीही हसले. आणि हसता हसता मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. वीस मिनिटांचं काम! रजा टाकायची, डोळे करून घ्यायचे, महिन्याभरानं पुन्हा पेटीसमोर बसायचं. कुणाला कळायचंही कारण नाही. मी जिना उतरून रस्त्यावर आले, कोपऱ्यावर वळले, तोवर हा आनंद पुरला. मग लक्षात आलं की महिन्याभरानं मी तिथे असेन, पेटी असेल, साहेब पाहुण्यांना बाई दाखवतील. फक्त मशीनवर दुसरा कुणीतरी असेल.

घरी आले तर आमचे हे कपड्यांच्या घड्या करत बसले होते. रिटायर झाल्यापासून कपाटाचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलंय, मला त्याचं कौतुकच होतं. मी पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. सावली, चार ठिपके, मोतीबिंदू. त्यांनी “काय सांगतेस!” असं म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. हातातला टॉवेल त्यांनी दोनदा घडी करून दोनदा उलगडला. “अहो, तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं. “अगं, ठाऊक असं नाही…” “कधीपासून?” “दिवाणाच्या खोळी आणल्यास तेव्हापासून. एक निळी आणलीस, एक हिरवी. आणि म्हणालीस, बघा, जोडी कशी जमलीय.” त्याला आठ महिने झाले. मग एकेक बाहेर यायला लागलं. कपाटात माझ्या निळ्या साड्यांशेजारी निळेच ब्लाउज लावून ठेवायचे हे त्यांनी तेव्हाच सुरू केलं. चुकीचा दोरा आणला की स्वतः जाऊन बदलून आणायचा. लेकीला फोनवर दटावून ठेवलं होतं, आईजवळ बोलू नकोस म्हणून. मी चिडले, फार चिडले. “आठ महिने! तुम्हाला माझं काम काय ते माहीत नाही?” “माहीत आहे म्हणूनच,” ते म्हणाले. “तुला काय सांगणार होतो मी? तुझ्याकडे दुसरं…” आणि थांबले. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर आठ महिने एक माणूस त्या अंधारात बसून माझी घडी नीट ठेवत होता. मला त्याची दया आली, स्वतःची आली, आणि रागही गेला नाही. “तू काही जाणूनबुजून खोटं लिहून दिलं नाहीस,” ते म्हणाले. “तुला तसंच दिसलं. तुझा काय दोष?” हे अगदी बरोबर होतं. अगदी बरोबर, आज सकाळी अकरापर्यंत. उद्या दहा वाजता मला ठाऊक असणार होतं. ते बिचारे आणखी बोलत राहिले, आधी ऑपरेशन करून घे, मग शांतपणे साहेबांना सांगू, आत्ता घाई नको, माणसाला परत घेताही येतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना खरंच असं वाटत होतं की चोर म्हणून काढलेल्या माणसाला महिन्याभरानं परत बोलावता येतं, चुकीचा दोरा बदलून आणावा तसं.

सकाळी मी निळी साडी नेसले. निळी आहे असं ह्यांनी सांगितलं. साहेबांच्या खोलीत साहेब होते, लिहून घ्यायला कारकून होता आणि भिंतीशी रंगारी उभा होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. त्यानं हात घासघासून धुतले होते. इतके धुतलेले त्याचे हात मी कधी पाहिले नव्हते, ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. टेबलावर कापडाचे दोन तुकडे होते. “बसा बाई,” साहेब म्हणाले. “तुमचं लेखी आहेच. तुम्हाला जास्त त्रास देत नाही. हा गिऱ्हाइकाचा नमुना आणि हा परत आलेला माल. फरक आहे एवढं तोंडी सांगा, म्हणजे कागद पुरा होतो.” कारकुनानं पेन टेकवलंसुद्धा होतं. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरं होतं, हीच तर गोम होती. फरक होता. हॉटेलवाल्यांना दिसला होता, साहेबांना दिसला होता, कारकुनाला दिसत होता. मी ‘हो’ म्हणाले असते तर जगातल्या कुणालाही मला खोटं पाडता आलं नसतं. रंगारी माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. आठवून बघा ना, असं आता तो म्हणत नव्हता. मी पुढे वाकले. दोन तुकडे शेजारी शेजारी सरकवले, एकाची कडा दुसऱ्याला भिडवली, अंगवळणी पडलंय तसं. कडा नाहीशी झाली.

“मला दोन्ही एकच दिसतात,” मी म्हणाले.

साहेब हसले. “बाई, चष्मा घरी राहिला वाटतं.” “चष्मा आहे,” मी म्हणाले. “पहिला ताका पास केला तेव्हाही मला असेच दोन्ही एक दिसले होते. तो तसाच निघाला होता. मला दिसलं नाही. मी पास केला.” आवाज माझाच होता, पण सही करतानाचा नव्हता. कारकुनाचं पेन जिथल्या तिथे राहिलं. साहेब खुर्चीतून उठले. “खिडकीशी नेऊन बघा हो, इथे उजेड कमी आहे.” त्यांना माझी कीव आली होती की स्वतःची, कोण जाणे, यंत्राची किंमत त्यांच्या डोळ्यांसमोर आली असेल. मी दोन्ही तुकडे उचलून खिडकीशी गेले. एक डाव्या हातात धरला, एक उजव्या, आणि पुष्कळ वेळ बघितलं. बाहेर ऊन होतं. दोन्ही धुरकट निळे होते, सुरेख, एका ताक्यातून फाडल्यासारखे. आता काही सांगायचं उरलं नव्हतं तरी मी बघत होते, कारण मागे वळायचा धीर होत नव्हता. मग माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. रंगारी होता. त्यानं तुकड्यांना हात लावला नाही. नुसतं वाकून बघितलं.

“उजव्या हातातला हिरवट आहे, बाई,” तो म्हणाला.

“किती?” मी विचारलं.

त्यानं दोन्ही तुकड्यांवरून पुन्हा नजर फिरवली. मला वाटतं, कमी करून सांगावं की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“लांबून दिसतो एवढा.”